उसनी लाळ

मेहकरच्या बाजारात शकूरभाई गादीवाले मोठे जिगरवाले आहेत, हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक कसं नसणार? ते स्वतःच दिवसातून चार वेळा सांगत. पण यंदाच्या उन्हाळ्यात या जिगरीला शास्त्राचा कागद मिळाला आणि मग तर काही विचारूच नका. कागदावर बुलढाण्याच्या एका कॉलेजचा शिक्का होता, खाली प्राध्यापकाची सही होती. शकूरभाईंनी तो आधी लॅमिनेट केला, मग काचेच्या फ्रेममध्ये बसवला आणि दुकानात कापूस पिंजायच्या मशीनच्या वर खिळा ठोकून टांगला. उशीत कापूस किती घालता, एवढंच विचारायला आलेल्या गिऱ्हाइकालाही आधी तो वाचावा लागे. ज्याला वाचता येत नसे त्याला शकूरभाई वाचून दाखवत.

"'आपल्या नमुन्यात आढळलेल्या जनुकीय फरकानुसार,'" ते चष्मा कपाळावर चढवून पाठ म्हणत, "'आपला मेंदू लाभाच्या शक्यतेला तीव्र प्रतिसाद देतो व तोट्याला तुलनेने सौम्य प्रतिसाद देतो.' समजलं का भाऊ? म्हनजे नुकसानीचा भेव आपल्या खूनमध्येच नाई. पैदाइशी!"

त्या वाक्याच्या पुढे "असा कल संभवतो" असे आणखी तीन शब्द होते. ते त्याच शाईत, त्याच आकारात छापलेले होते, पण शकूरभाईंचा दम नेमका 'देतो'पाशी संपायचा.

दुकानाच्या मागच्या खोलीत, पडद्याआड, त्यांची बायको अख्तरी शिलाई मशीनवर बसलेली असे. ब्लाउज, फॉल-पिको, कुणाच्या सलवारीची नाडीपट्टी, असं तिचं काम चाले आणि ही तारीफ रोज तिच्या कानावर पडे. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, त्यामुळे तारीफ ऐकायची तिला सवय होती. फक्त या वेळची गोष्ट वेगळी होती. त्या कागदात ज्या मेंदूचं कौतुक छापलं होतं तो शकूरभाईंचा नव्हताच, हे शकूरभाई सोयीनं विसरले होते; उभ्या मेहकर तालुक्यात ते एकट्या अख्तरीच्या ध्यानात होतं. तो तिचा होता.

झालं होतं ते असं. मार्च महिन्यात नगरपालिकेच्या शाळेत बुलढाण्याहून एक पथक आलं होतं. माणसामाणसाच्या जनुकांत थोडाथोडा फरक असतो. त्या फरकामुळे काही मिळालं की एखाद्याचा मेंदू जास्त उसळतो, काही गेलं की एखाद्याचा जास्त चरकतो, त्याचा त्यांना अभ्यास करायचा होता. मधुवंती नावाची चुणचुणीत मुलगी प्राध्यापकांच्या हाताखाली काम करत होती. तिनं हे सगळं फार छान समजावून सांगितलं आणि लोकांनी फार छान ऐकून घेतलं, कारण भाग घेणाऱ्या प्रत्येकाला शेवटी झाकणाचा स्टीलचा डबा मिळणार होता.

कामं दोन होती. एक खेळ आणि एक लाळ. खेळासाठी डोक्यावर तारांची टोपी चढवायची आणि समोरच्या पडद्यावरच्या दोन पेट्यांपैकी एक निवडायची. एका पेटीत दहा गुण नक्की. दुसरीत एक तर तीस मिळणार, नाहीतर गाठीचे दहा जाणार. गुण मिळाले की मेंदू कसा हलतो आणि गेले की कसा हलतो, ते टोपी टिपून घेई. शकूरभाईंनी टोपी घातलेला फोटो आधी काढून घेतला, मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकला आणि मग खेळायला बसले.

लाळेचं काम मात्र अवघड निघालं. नळीत खुणेपर्यंत लाळ भरायची, आणि त्याआधी अर्धा तास तोंडात काही म्हणता काही नको. आता नमाज आणि जेवण सोडलं तर शकूरभाईंचं तोंड गेल्या वीस वर्षांत रिकामं राहिलं नव्हतं. गुटख्याची पुडी आत, मग पिंक बाहेर, मग पुन्हा पुडी आत. त्यांनी पहिली नळी भरून दिली ती लालभडक. मधुवंतीनं ती दोन बोटांनी धरून कचऱ्यात टाकली आणि दुसरी नळी देत म्हणाली, "चाचा, चूळ भरून अर्धा तास बसा, मग द्या."

अर्धा तास! ज्यांना नुकसानीची भीती नाही म्हणून पुढे बाजारभर डंका वाजणार होता, त्या शकूरभाईंना अर्ध्या तासाच्या पुडीचं नुकसान सोसवेना. ते नळी घेऊन गुपचूप शाळेच्या मागच्या व्हरांड्यात गेले. तिथे बायकांचे बाक होते आणि अख्तरी आपली नळी देऊन मोकळी झाली होती.

"अख्तरी, याच्यात थुक."

"माही देऊन झाली ना."

"हे माह्या नावाची हाय. थुक लवकर, म्याडम पाहून राह्यली."

बावीस वर्षांत बायकोनं नवऱ्यासाठी काय काय केलं नव्हतं! नवऱ्याच्या वतीनं थुंकायचं तेवढं राहिलं होतं, तेही अख्तरीनं करून टाकलं. शकूरभाईंनी नळी नेऊन दिली, डबा घेतला आणि घरी येताना पुलाजवळच्या टपरीवर नवी पुडी फोडली.

असल्या अभ्यासात माणसागणिक रिपोर्ट वाटायचे नसतात म्हणे. पण हे मेहकरला कोण सांगणार? रक्त दिलं की रिपोर्ट मिळतो, लघवी दिली की रिपोर्ट मिळतो, मग लाळेनंच काय घोडं मारलं? लोकांनी फोन करकरून प्राध्यापकांना इतकं भंडावलं की शेवटी त्यांनी प्रत्येकाला दोन-दोन पानं टपालानं धाडून दिली. पहिल्या पानावर लाळेतून निघालेलं, दुसऱ्यावर खेळातून निघालेलं. शकूरभाईंनी पहिलं पान वाचलं आणि त्यांचं समाधान झालं. दुसरं त्यांनी न वाचताच गच्चीवर पाळलेल्या कबुतरांच्या दाण्याखाली अंथरलं.

दोन्ही पाकिटं एकाच दिवशी आली होती. बारावीला असलेल्या मलिहानं, त्यांच्या मुलीनं, आधी अब्बांचं वाचून दाखवलं आणि मग अम्मीचं. अम्मीचं वाचता वाचता ती थांबली.

"अब्बा, दोन्हींत सेम टू सेम लिहिलंय. एक अक्षर इकडचं तिकडं नाही."

शकूरभाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून पाहिले. लाभाला तीव्र, तोट्याला सौम्य. इथेही तेच, तिथेही तेच. एखादा साधा माणूस गोंधळला असता. शकूरभाई गोंधळले नाहीत. त्यांनी आपला कागद उजव्या हातात घेतला आणि म्हणाले, "हे पाह्य. याले म्हनते शेरदिल." मग डाव्या हातातल्या कागदाकडे पाहून त्यांचा चेहरा गंभीर झाला. "अन् हे लक्षन काही बरं नाई. बाईच्या जातीले नुकसानीचा भेव नसन तर घर बुडालंच समजा."

"पण अब्बा, लिहिलंय तर एकच!"

"मीठ बी एकच असते बेटा. भाजीत टाकलं त चव, दुधात टाकलं त नासलं."

आणि शकूरभाईंचा कागद फ्रेममध्ये गेला, अख्तरीचा कागद ट्रंकेत, रजयांच्या तळाशी गेला. लोकांच्या नजरेस पडू नये, घराण्याची इज्जत असते, असं ते म्हणाले. अख्तरी तेव्हा भाकरी थापत होती. तिला हसू आलं आणि रागही आला. दोन्ही तिनं तव्यावर टाकलं आणि भाकरी उलटली.

इथवर ही नुसती गंमतच होती. पण मे महिन्याच्या शेवटी बुलढाण्याहून सिंधूताईंचा फोन आला. सिंधूताई मुलींचं एक वसतिगृह चालवत. अख्तरीनं मलिहाच्या तिथे राहणाऱ्या मैत्रिणीला शिवून दिलेला ड्रेस त्यांनी पाहिला होता आणि शिवणीवरून हात ओळखला होता. त्यांना शाळा उघडायच्या आत दोनशे मुलींचे ड्रेस शिवून हवे होते. कापड त्या देणार होत्या. बिघडलं तर भरून द्यायची जबाबदारी अख्तरीची. "शनिवारी सहा वाजेपर्यंत हो की नाही ते सांगा," त्या म्हणाल्या, "नाहीतर मी चिखलीच्या टेलरला देऊन टाकते. तो रोज चकरा मारतोय."

दोनशे ड्रेस! अख्तरीचं जेवणात चित्त लागेना. अठरा वर्षं ती दुसऱ्यांच्या उसवलेल्या बाह्या शिवत आली होती. कापडाचे तागे पसरून, खडूनं आखून, एका मापाचे पन्नास-पन्नास ड्रेस एका दमात कापायचे, हे तिनं फक्त मनात करून पाहिलं होतं. हे काम मिळावं असं तिला इतकं वाटत होतं की ते वाटणंच तिला अवघड झालं. जोडीला कोण, तेही तिनं ठरवून टाकलं होतं. पलीकडच्या गल्लीतली आलिमा. तिच्याकडे मोटरची मशीन होती आणि हात साफ होता.

हे सगळं तिनं गुरुवारी जेवणानंतर शकूरभाईंना सांगितलं. शकूरभाईंनी तोंडातली पुडी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"आलिमा? मतीनची बायको?"

"हाव."

"अन् कापड बिघडलं त? टाइमवर झालं नाई त?" त्यांनी ट्रंकेकडे बोट केलं. "हे पाह्य मलिहाची अम्मी, म्या सोताच्या मनानं नाई बोलून राह्यलो. शास्त्रानं लिहून देल्लं हाय. तुह्या मेंदूले तोटा दिसतच नाई. ज्याले दिसत नाई त्याच्या हाती कोनी गाडी देते का?"

"अन् तुमच्या कागदावर बी तेच लिहिलं हाय ना?"

"म्या मर्द हाय," शकूरभाई म्हणाले आणि प्रश्न मिटला. त्यांच्या घरचे बहुतेक प्रश्न याच उत्तरानं मिटत.

अख्तरी तेव्हाच सांगू शकली असती. तुमच्या फ्रेममध्ये माझी थुंकी आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण ती बोलली नाही, आणि त्याचं कारण खरं सांगायचं तर तिलाही भीती वाटत होती. बावीस वर्षं शकूरभाई तिला भित्री म्हणत आले होते आणि ते खोटं नव्हतं. दुसऱ्याच्या दारावर थाप मारायची म्हटलं की तिचा हात मागे येई. कागद काहीही म्हणो, तिला स्वतःचं काळीज माहीत होतं.

या थापेची गोष्टही सांगायला हवी. शकूरभाईंची खरी जिगर गादीत नव्हती, कबुतरांत होती. गच्चीवर जाळीच्या खोलीत त्यांची तीस-पस्तीस कबुतरं होती. रविवारी सकाळी ते आपला थवा सोडत, पलीकडच्या गल्लीतून मतीनभाई आपला सोडत. दोन्ही थवे आभाळात मिसळत आणि उतरताना ज्याच्या गच्चीवर दुसऱ्याचं कबुतर आलं तो जिंकला. धरलेलं कबुतर धरणाऱ्याचं. ते परत मागणं मर्दाला शोभत नाही, असा मोहल्ल्याचा कायदा. पण कायदा आला की पळवाट आलीच. एका घरच्या बाईनं दुसऱ्या घरच्या बाईकडे जाऊन मागितलं तर ते खेळात धरत नसत; तो नुसता शेजारधर्म.

म्हणजे शकूरभाई कबुतर हरत आणि अख्तरी वाटीत शेवया झाकून आलिमाच्या दारात उभी राही. कधी मतीनभाई तापलेले असत, मग आलिमा दाराच्या फटीतूनच नको म्हणे. मग अख्तरी दुसऱ्या दिवशी जाई, तिसऱ्या दिवशी जाई. दर वेळी त्या दारासमोर तिच्या छातीत धडधड होई. शेवटी आलिमा चहा पाजी, थोडं रडगाणं ऐकवी, थोडं ऐकून घेई आणि कबुतर हातात देई. या चहांतूनच दोघींची मैत्री झाली. अख्तरी ओढणीत कबुतर लपवून घरी आणी. संध्याकाळी शकूरभाई ते खांद्यावर बसवून चारचौघांना सांगत, "आपलं जनावर हाय बे, जाऊन जाऊन जाईन कुठं?" आणि पुढच्या रविवारी दुप्पट जोरात शिट्टी घालत.

शनिवारी साडेचारच्या सुमाराला बुलढाण्याची बस आली आणि तिच्यातून मधुवंती उतरून थेट दुकानात आली. उन्हानं तिचा चेहरा लाल झाला होता, हातात नळ्यांची पेटी होती. शकूरभाईंना वाटलं की ही आपला सत्कार-बित्कार करायला आली. त्यांनी गिऱ्हाइकांना सरकायला सांगून तिला नव्या गादीवर बसवलं आणि आत आवाज दिला, "अख्तरी, म्याडमसाठी पानी आन!" दुकानात त्या वेळी दोन गिऱ्हाइकं होती. तीही काम झालेलं असून थांबली.

"चाचा, एक घोटाळा झालाय," मधुवंती पाणी पिऊन म्हणाली. "तुमची आणि चाचींची लाळ आम्ही पुन्हा तपासली. दोन्ही नमुने एकाच माणसाचे आहेत."

शकूरभाईंनी एकदा फ्रेमकडे पाहिलं. मग हसले. "होईनच की बेटा! बावीस साल एका ताटात जेवलो, एका छपराखाली राह्यलो. मिळतंजुळतं येईनच."

"तसं नसतं चाचा. कितीही संसार केला तरी लाळ एक होत नाही."

"बरं, मंग असं झालं असन," शकूरभाई मागे न हटता म्हणाले, "हिच्या तोंडाले कोरड पडली होती. म्हनून दोन्ही नळ्या म्याच भरून देल्ल्या."

अख्तरी पडद्याशी उभी होती. हातातला रिकामा पेला तिनं घट्ट धरला. एवढं धडधडीत खोटं, तेही तिच्या देखत, आणि चेहऱ्यावर सुरकुती नाही! मधुवंतीनं मान खाली घातली. तिलाच कानकोंडं झालं असावं.

"चाचा," ती हळू आवाजात म्हणाली, "नमुना बाईचा आहे. ते तर या दुसऱ्या तपासणीत लगेच कळतं."

गिऱ्हाइकांपैकी एकाला खोकला आला. दुसऱ्याला फ्रेममध्ये एकाएकी फारच रस वाटू लागला. शकूरभाईंनी रुमालानं मान पुसली, आणि मग त्यांच्या मेंदूनं तो चमत्कार केला जो कुठल्याही टोपीला टिपता आला नसता. अर्ध्या मिनिटात ते शास्त्राचे भक्त होते ते टीकाकार झाले.

"म्या त पयलेच म्हनत होतो," ते गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, "हे जनुक-बिनुक काही खरं नसते. थुक्यात काय मानसाची जिगर दिसते? फालतू बात."

"खरं आहे चाचा," मधुवंती म्हणाली. त्या बिचारीला बाजारातलं राजकारण कुठून कळणार? तिला वाटलं, चाचांना शेवटी मुद्दा समजला. "एका फरकावरून माणूस ठरत नाहीच. थोडासा कल असतो. बाकी माणूस कसा वाढला, कसा राहिला, तेच मोठं. म्हणून तर आम्ही खेळ ठेवला होता. तुमच्या खेळाचं पान पाहिलंत ना?"

"खेळात त म्या स्वतः होतो!" शकूरभाईंना हुरूप आला. "सांगा, सांगा. सगळ्याईले ऐकू द्या."

"सगळ्यांसमोर?"

"हाव, बिनधास्त!"

मधुवंतीनं फाइल उघडली. "सुरुवातीचे दहा डाव सगळ्यांना सक्तीनं जोखमीचे होते. त्यात दर वेळी गुण गेले की चाचांच्या मेंदूची रेघ सगळ्या हॉलमध्ये सर्वांत उंच उडाली. पुढचे पन्नास डाव ज्याच्या त्याच्या मर्जीचे होते. चाचांनी पन्नासच्या पन्नास वेळा दहा नक्की असलेली पेटी घेतली." मग तिनं पान उलटलं. "चाचींनी बेचाळीस वेळा जोखीम घेतली. आणि चांगल्या जिंकल्या."

आता गिऱ्हाइकांना थांबणं अशक्य झालं. उशा काखेत मारून दोघंही निघाली आणि रस्त्यावर पोचायच्या आतच त्यांचं हसू ऐकू आलं. बातमी पुलापलीकडे पोचायला किती वेळ लागेल, ते शकूरभाईंना बरोबर कळत होतं.

अख्तरी पुढे आली. तिला हसू आलं नव्हतं. "बेटा, एक विचारू का? माह्या कागदावर लिहिलं, हिले तोट्याचा भेव कमी. खेळात बी मले भेव नाई वाटला, मजा आली. मंग घरात बावीस साल मले भेव काऊन वाटते?"

मधुवंतीनं फाइल मिटली. "ते लाळेत येत नाही, चाची," ती म्हणाली.

येणार कुठून? अख्तरीला ते तिथल्या तिथे, उभ्या उभ्या उमगलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. खेळात गुण गेले तर ते जात होते, एवढंच. ते परत आणायला कुणाच्या दारात उभं राहायचं नव्हतं. घरात तसं नव्हतं. घरात शकूरभाई हरत आणि ते हरणं त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत ती दारातच अडवून घेई, पदरात झाके आणि निस्तरून आणी. जिगर त्यांची, धडधड तिची. आणि वर भित्री कोण, तर तीच.

मधुवंतीनं पेटीतून दोन नव्या नळ्या काढल्या. सहाची बस गाठायची होती, म्हणून तिला दोघांची लाळ लगेच हवी होती. अख्तरीनं चूळ भरली, वाट पाहिली, आपली नळी भरून दिली. शकूरभाईंनी पुडी थुंकली, तीन वेळा चूळ भरली आणि स्टुलावर बसले. पुडीवाचून त्यांना हातांचं काय करावं ते कळेना. ते गुडघे चोळत राहिले. मधुवंती बिसलरीची बाटली आणायला म्हणून समोरच्या दुकानात गेली, तेव्हा ते बायकोकडे न बघता म्हणाले, "अख्तरी, त्या आर्डरचा मले भेव वाटते."

"कायचा?"

"तुले नाई जमलं त नुकसान. अन् जमलं त..." ते गुडघे चोळायचे थांबले. "जमलं त मंग मले कोन विचारीन?"

बावीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा खरं बोलत होता. अख्तरीला त्यांची दया आली, अगदी मनापासून आली. रिकाम्या तोंडाचे शकूरभाई तिला कुणाच्या तरी घरी पाहुणे आलेल्या माणसासारखे अवघडलेले दिसले. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

तो हात तिथे पुरता टेकलाही नसेल, तेवढ्यात शकूरभाईंना धीर आला. "असं करू," ते म्हणाले, "हा नवा रिपोर्ट येऊ दे. दीड महिना त लागीन. मंग पाहू कोनाच्या मेंदूत काय हाय ते, अन् मंग आर्डरचं ठरवू."

अख्तरीनं हात काढून घेतला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा झाले होते. दया आली होती ती कुठे गेली ते तिला कळलंही नाही. दीड महिन्यानं शाळा उघडून मुली ड्रेस घालून वर्गात बसलेल्या असणार, चिखलीच्या टेलरनं शिवलेले. हे शकूरभाईंना पक्कं माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं.

तिनं आतल्या शिलाई मशीनवरचा मोबाइल आणला आणि तिथेच, दुकानात, त्यांच्यासमोर सिंधूताईंचा नंबर लावला. कागदाप्रमाणे पाहिलं तर या घडीला तिला काही वाटायला नको होतं. प्रत्यक्षात घंटी वाजत होती तोवर फोन घामानं तिच्या हातातून सुटेल की काय असं झालं होतं.

"सिंधूताई, म्या अख्तरी, मेहकरहून. आर्डर म्या घेते. हाव. दोनशेच्या दोनशे."

"मंगळवारी कापड न्यायला या," पलीकडून आवाज आला, "आणि सोबत कुणाला तरी आणा हो, गठ्ठे जड आहेत."

"आनते," अख्तरी म्हणाली आणि फोन ठेवून मटकन खाली गादीवर बसली.

शकूरभाई स्टुलावरून उठले होते. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "अन् नुकसान झालं त?"

"त दोघाईचं होईन," अख्तरी म्हणाली. "आजवर माह्या एकटीचं होत होतं."

शकूरभाईंनी रिकामी नळी उचलली. ते पुन्हा स्टुलावर बसले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, ओठ सुकले होते. अख्तरीनं ते पाहिलं. एरवी ती उठली असती, माठातलं पाणी दिलं असतं, काही होत नाही म्हणाली असती. ती उठली नाही. भिऊ देत थोडे, तिला वाटलं. तिचं बावीस वर्षं एकटीनं भिऊन झालं होतं.